गोदातीराहून काशीस

गेल्या आषाढांतील गोष्ट. माझा नातू पुण्यास शिकतो. घरांतील वडील माणसांस विचारून आपलें मूळ गांव कोणतें व तेथून घराणें कसें निघालें हें लिहून आणावें, असा अभ्यास त्याला शाळेंतून दिला होता. त्यानें दूरध्वनीवरून मला विचारलें, "आजोबा, आपण मूळचे कुठले?" मीं तत्काळ सांगितलें, "परभणीचे." त्यावर पोरानें पुन्हां विचारलें, "पण परभणीच्या आधीं कुठले?" सदतीस वर्षें मीं वर्गांत प्रश्न विचारले व उत्तरें तपासलीं, परंतु या प्रश्नापुढें मला पाटी कोरी ठेवावी लागली.

वाचकहो, तर्पणास बसलों म्हणजे पिता, पितामह व प्रपितामह अशा तीन पिढ्यांचीं नांवें मी गोत्रासह बिनचूक उच्चारतों. पण गांवाचें नांव घेण्याची सोय तर्पणविधींत नाहीं. त्यामुळें ज्या ऋषीपासून आमचें गोत्र चाललें तो मला ठाऊक आहे. पण पणजोबा लहानपणीं कोणत्या गांवच्या नदींत पोहावयास शिकले, हें ठाऊक नाहीं. आणि त्याच वेळीं एका परक्या घराण्याच्या सहा पिढ्या, त्यांच्या गांवासकट, मला तोंडपाठ होत्या! या विसंगतीची लाज वाटून आज लेखणी हातीं घेतली आहे. प्रथम त्या परक्या घराण्याची हकीकत सांगतों. मग आमच्या घरची.

आमच्या परभणी जिल्ह्यांत पाथरी म्हणून तालुक्याचें ठिकाण आहे. सन २०२० मध्यें साईबाबांच्या जन्मस्थानासंबंधीं वाद उपस्थित झाला तेव्हां हें नांव महाराष्ट्रांत घरोघर पोंचलें. परंतु संस्कृत ग्रंथांतील 'पार्थपुर' तें हेंच, असें विद्वान मानतात. त्या पार्थपुरांत ज्ञानराज नांवाचे ज्योतिषी होऊन गेले. त्यांनीं शके १४२५, म्हणजे सन १५०३ च्या सुमारास, 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचिला. त्यांचे चिरंजीव सूर्यपंडित यांनीं भास्कराचार्यांच्या लीलावतीवर व बीजगणितावर टीका लिहिल्या, आणि शिवाय 'रामकृष्णविलोमकाव्य' नांवाचें एक अद्भुत काव्य केलें. त्यांतील ओळ सरळ वाचावी तर रामाची कथा निघते, उलट वाचावी तर कृष्णाची.

याच पाथरीच्या परिसरांत, गोदावरीच्या उत्तर तीरावर, गोलग्राम नांवाचें गांव होतें. तेथील दिवाकर दैवज्ञ हे कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांचे शिष्य. गणेश दैवज्ञ म्हणजे 'ग्रहलाघव' लिहिणारे. शके १४४२ मध्यें (सन १५२०) झालेल्या या ग्रंथावरून आपल्याकडील पंचांगें पुढें शतकानुशतकें होत होतीं. दिवाकरांना कृष्ण, विष्णु, मल्लारि, केशव व विश्वनाथ असे पांच पुत्र झाले. मल्लारि व विश्वनाथ या दोघांनीं आपल्या पित्याच्या गुरूंच्या ग्रहलाघवावरच टीका लिहिल्या. कृष्णाचा पुत्र नृसिंह. यानें सन १६२१ मध्यें सिद्धान्तशिरोमणीवर 'वासनावार्तिक' रचिलें. नृसिंहाचे पुत्र दिवाकर, कमलाकर, गोपीनाथ व रंगनाथ. या पिढ्यांच्या ओघांत घराणें गोदातीर सोडून काशीस जाऊन राहिलें, आणि तेथेंच सन १६५८ मध्यें कमलाकरानें 'सिद्धान्ततत्त्वविवेक' हा आपला मोठा ग्रंथ पुरा केला.

त्या काळीं काशीस गेलेलें हें एकटेंच मराठी घराणें नव्हे. पैठणचे रामेश्वर भट्ट विजयनगर, द्वारका असा प्रवास करीत अखेर काशीस स्थिरावले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांचा जन्म शके १४३५ मधला. या नारायण भट्टांचे पुत्र शंकर भट्ट यांनीं आपल्या घराण्याच्या प्रवासाची सगळी हकीकत एका स्वतंत्र संस्कृत काव्यांत लिहून ठेविली. नारायण भट्टांचे नातू कमलाकर भट्ट (हे निराळे, गोलग्रामचे नव्हेत) यांनीं सन १६१२ मध्यें 'निर्णयसिंधु' लिहिला. एकादशी आज करावी कीं उद्यां, असा वाद आपल्या माजघरांत पडला म्हणजे ज्या ग्रंथाची साक्ष काढतात तो हाच. आणि याच कमलाकर भट्टांचे पुतणे विश्वेश्वर, ऊर्फ गागाभट्ट, सन १६७४ मध्यें रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास आले. घराणें पैठणाहून निघाल्यास तोंवर दीडशें वर्षें लोटलीं होतीं. तरी तें दक्षिणेला परकें झालें नव्हतें.

परदेशीं गेलें म्हणजे आपलीं भांडणें मागें राहतात, असें मात्र कोणीं समजूं नये. विदर्भांतील दधिग्रामचें एक ज्योतिषी घराणें तेव्हां काशीसच होतें. त्यांतील मुनीश्वर भास्कराचार्यांचे अभिमानी, तर आमचे कमलाकर सूर्यसिद्धान्ताचे. दोघांचा वाद विकोपास गेला. मुनीश्वरानें गणिताची एक रीत काढली, तर कमलाकराचा बंधु रंगनाथ यानें तिच्या खंडनार्थ स्वतंत्र ग्रंथच लिहिला. गोदातीरचे लोक गंगातीरीं जाऊनही भाऊबंदकी विसरले नाहींत, हें वाचून मला हंसूं आलें आणि थोडा जिव्हाळाही वाटला.

परंतु मला विशेष वाटतें तें निराळेंच. ज्यांनीं विश्वनाथाच्या छायेंत बसून ग्रंथ पुरे केले, ज्यांस काशीकर म्हणवून घेण्यांत भूषण होतें, त्यांनीं ग्रंथाच्या शेवटीं काय लिहिलें? गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्रामाचें नांव लिहिलें, तेथील पूर्वजांचीं नांवें लिहिलीं, आणि मग स्वतःचें. ग्रंथसमाप्तीचे हे श्लोक पूर्वीं मी घाईनें उलटून टाकीत असें. विद्यार्थ्यांना तर सांगत असें कीं, हा भाग परीक्षेस येत नाहीं. आतां कळतें कीं, ते श्लोक नव्हेत. तें घरचें पत्र आहे.

मूळ गांवाची ओढ माणसास काय करावयास लावते, याचें दुसरें उदाहरणही पाथरीचेंच आहे. फिरिश्त्याच्या तवारिखेंत असें आहे कीं, अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुळकर्णी. तें कुटुंब विजयनगरच्या मुलुखांत गेलें. तेथें त्यांचा एक मुलगा बहामनी सैन्याच्या हातीं सांपडला, मुसलमान झाला, आणि मलिक हसन या नांवानें मोठ्या पदास चढला. त्याचा पुत्र मलिक अहमद यानें निजामशाही स्थापिली. पुढें अहमदाचा पुत्र बुऱ्हाण निजामशहा यास आपल्या पूर्वजांची पाथरी हवीशी झाली. ती होती वऱ्हाडच्या इमादशहाकडे. बुऱ्हाणानें बदल्यांत दुसरा मुलूख देऊं केला. इमादशहानें तें नाकारलें. तेव्हां सन १५१८ मध्यें त्यानें पाथरी लढून घेतली. ती एकवार हातची गेली, तर सन १५२७ मध्यें पुन्हां घेतली. धर्म बदलला, भाषा बदलली, कुळकर्ण्याचा सुलतान झाला. पण "आम्ही पाथरीचे" एवढें वाक्य तीन पिढ्यांत पुसलें गेलें नाहीं. एका घराण्यानें तें तलवारीनें जपलें, दुसऱ्यानें श्लोकानें. आम्हां सामान्यांजवळ दोन्ही नाहींत, ही आमची अडचण.

कमलाकराचें आणखी एक वैशिष्ट्य येथें सांगण्याजोगें आहे. तो अरबी-फारशी ज्योतिषही जाणत असे. रेखांशांस त्यानें 'तूलांश' असा शब्द योजिला. तो अरबी 'तूल' शब्दावरून. हे अंश मोजण्याचा आरंभ त्यानें धरला तो 'खालदात्त' या स्थळापासून. अरबी ज्योतिषी पश्चिम समुद्रांतील 'खालिदात' बेटांपासून रेखांश मोजीत, त्यांचेंच हें रूप. आणि तीं बेटें म्हणजे आज स्पेन देशांत मोडणारीं कॅनरी बेटें होत, असें मानतात. गोलग्रामच्या वंशजानें काशींत बसून काशीचें, काबूलचें, समरकंदचें अंतर मोजलें तें या दूरच्या बेटांपासून!

योगायोग असा कीं, तीं बेटेंही स्थलांतराबद्दलच प्रसिद्ध आहेत. तेथून माणसें क्यूबास गेलीं, व्हेनेझुएलास गेलीं. सन १७३१ मध्यें स्पेनच्या राजाच्या आज्ञेनें तेथील सोळा कुटुंबें आजच्या अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत सान अँतोनिओ येथें वस्तीस आलीं. समुद्र ओलांडून वेराक्रूझ बंदरीं उतरलीं, आणि पुढील लांबचा रस्ता बायकामुलांसह त्यांनीं जमिनीवरून कापला. त्या सोळा घरांचीं नांवें नोंदलेलीं आहेत. आणि आज जवळजवळ तीनशें वर्षांनीं देखील त्यांचे वंशज आपली वंशावळ त्या नांवांपर्यंत नेऊन भिडवितात. ध्रुवताराही अगदीं अचल नाहीं, तोही किंचित् फिरतो, असें कमलाकरानेंच नमूद केलें आहे. मग माणसानें एका जागीं राहावें, ही अपेक्षा कोणीं करावी? गांव सोडणें हा दोष नव्हे. गांवाचें नांव पुसूं देणें हा प्रमाद आहे.

येथें कोणी म्हणेल, हीं तर विद्वानांचीं घराणीं. त्यांस लिहितां येत होतें. हें खरें. सन १८३४ पासून मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत करारानें मजूर जाऊं लागले. त्यांत मराठी माणसेंही होतीं. त्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. पण सरकारी वहींत त्यांचें नांव, बापाचें नांव, गांव, वय व क्रमांक लिहिला गेला. लिहिला तो त्यांच्या हितासाठीं नव्हे, मालकाच्या हिशेबासाठीं. तरी तोच कागद आज त्यांच्या पणतवंडांस उपयोगीं पडतो. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्यें हीं दप्तरें आहेत, आणि आपल्या पूर्वजाचें गांव शोधण्यासाठीं लोक तेथें जातात.

आणि आमच्या दाराशीं काय आहे? दिवाळी सरली कीं परभणी-बीडकडील ऊसतोड कामगारांचीं बिऱ्हाडें पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मी शिक्षक होतों तेव्हां हजेरीपत्रकांत कार्तिकापासून कित्येक मुलांच्या नांवापुढें ओळीनें गैरहजेरीच्या खुणा पडत. ते सारे चौकोन मी लाल शाईनें भरीत असें, आणि निरीक्षकांस संख्या कळवीत असें. तें मूल कोणत्या गांवीं, कोणत्या कारखान्याच्या तळावर, कोणत्या खोपटांत आहे, हें विचारून लिहून ठेवावें, असें मला एकदांही सुचलें नाहीं. त्यांच्या प्रवासाची नोंद माझ्याच हातांत होती, आणि मीं ती केवळ गैरहजेरी म्हणून केली.

आतां घरची गोष्ट. आमच्या घरांत सर्वांत वडील माणूस म्हणजे माझ्या काकू. गेल्या माघांत त्या वारल्या. वय नव्वदीच्या घरांत होतें. त्या नेहमीं म्हणत, "अरे, आपण परभणीचे नव्हेत, सोनपेठचे. मोठ्या दुष्काळांत एका बैलगाडींत देव, जातं अन् पांच लेकरं घालून आलोत. तेव्हां इथं आगगाडी नुकती आली होती." हें त्यांस त्यांच्या सासूबाईंनीं सांगितलें होतें, आणि सासूबाईंस त्यांच्या सासूबाईंनीं. मी मात्र हंसण्यावारीं नेत असें. कारण असें कीं, काकूंचें माहेर सोनपेठकडचेंच. मला वाटे, माहेरच्या अभिमानानें त्या आपलें गांव आम्हां सर्वांस चिकटवीत आहेत! "काकू, कागद असेल तर दाखवा," असें मीं एकदां त्यांस म्हटलेंही होतें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. हातांतील वात वळीत राहिल्या.

आणि कागद होता. सन १९९४ मध्यें आमचा जुना वाडा पाडून नवें घर बांधलें, तेव्हां माळ्यावर मोडी कागदांचें एक गांठोडें निघालें होतें. मला देवनागरी संस्कृत पोथी वाचतां येते. मोडी येत नाहीं. काकू म्हणाल्या, "राहूं दे, कोणी तरी वाचील." मी म्हणालों, "वाचतां न येणाऱ्या कागदांस वाळवी तेवढी वाचते." आणि तें गांठोडें रद्दीवाल्याच्या तराजूंत गेलें. त्याचे किती पैसे आले, तेंही आज आठवत नाहीं.

नातवाच्या प्रश्नानंतर हें सारें मनास टोंचूं लागलें. कार्तिकांत माझे चुलत बंधु, म्हणजे काकूंचे चिरंजीव, आणि मी असे दोघे नाशिकास गेलों. तेथील तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या पिढ्यान् पिढ्या असतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. आमच्या उपाध्यायांनीं आडनांव, गोत्र व जिल्हा विचारला. तांबड्या बासनांतून एक लांबट वही काढली. आणि बराच वेळ पानें चाळून एके ठिकाणीं बोट ठेविलें. शके १८४२, सिंहस्थ पर्व. माझ्या पणजोबांचें नांव, पणजीचें नांव, मुलांचीं व सुनांचीं नांवें. आणि खालीं मोडींत, पणजोबांच्या स्वतःच्या हातची एक ओळ. उपाध्यायांनीं ती वाचून दाखविली: "पूर्वीं राहणार सोनपेठ, हल्लीं वस्ती परभणी."

आम्ही दोघे थोडा वेळ कांहींच बोललों नाहीं. मग बंधु हळूच म्हणाले, "आई सांगत होती." त्यांच्या स्वरांत दोष देण्याचा लेशही नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें. सन १९०० च्या सुमारास आमच्या भागांत एकीकडे भयंकर दुष्काळ पडला होता आणि दुसरीकडे मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग परभणीवरून नुकताच गेला होता, हा इतिहास मी वर्गांत शिकवीत असें. काकूंच्या सांगण्यांत दुष्काळही होता आणि आगगाडीही होती. तीन सुनांच्या तोंडून उतरलेली ती एक अखंड परंपरा होती. आम्ही पुरुष तिला बायकांच्या गप्पा म्हणत होतों.

विचार करतां असें दिसतें कीं, आपल्या समाजांत सर्वांत अधिक स्थलांतर केलें असेल तर तें स्त्रियांनीं. प्रत्येक सून एक गांव सोडून दुसऱ्या गांवीं आलेली असते, आणि येतांच या नव्या घराचा मागचा इतिहास पाठ करून पुढच्या सुनेस देते. ग्रंथाच्या शेवटीं बापाचें, आजाचें, पणजोबाचें नांव येतें. तें घर ज्यांनीं आठवणींत धरून ठेविलें त्यांचें नांव क्वचितच येतें.

विसाव्या शतकांत कोंकणस्थ घराण्यांचे कुलवृत्तांत मोठ्या संख्येनें छापून निघाले. आमच्या मराठवाड्यांत ही हौस त्या मानानें कमी. पण छापील ग्रंथच हवा असें नाहीं. शंभर पानांची एक वही पुरे. माझी वाचकांस एवढीच विनंति आहे. येत्या सणास घरचीं सर्व मंडळी एकत्र जमतील, तेव्हां सर्वांत वडील आजीजवळ बसावें आणि विचारावें: आपण येथें कोठून आलों, कोणत्या कारणानें आलों, सोबत काय आणलें, मागें कोण राहिलें, तुमचें माहेर कोणतें, आणि तुमच्या सासूबाईंचें कोणतें. जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत लिहावें. पुराव्याची चौकशी मागाहून करतां येते. सांगणारें माणूस मागाहून मिळत नाहीं. घरांत मोडी कागद असतील तर जाणत्यास दाखवावे. निदान जपून ठेवावे. माझ्यासारखा शहाणपणा करूं नये.

नाशिकाहून परतल्यावर मीं नातवास दूरध्वनि केला. त्याचा अभ्यास केव्हांच तपासून झाला होता. त्यांत त्यानें "परभणी" असेंच लिहिलें होतें, आणि त्यास पूर्ण गुणही मिळाले होते. मीं सांगितलें, "उत्तर चुकलें होतें. दुरुस्त करून घे." आतां मीं नवी वही घातली आहे. अजून चारच पानें झालीं आहेत. पहिल्या पानावर कुलदैवताचें नांव आहे, त्याखालीं सोनपेठचें, त्याखालीं परभणीचें. आणि सर्वांच्या खालीं, जेथें गोलग्रामचे पंडित ग्रंथकर्त्याचें नांव घालीत तेथें, मीं माझें नांव घातलें नाहीं. तेथें काकूंचें घातलें आहे.